पेरू

आमच्या घरात नावाला पेरू म्हणतात.
बाहेर पेरू म्हणजे पेरू, मीठ-तिखट लावून खायचा.
दुसरीत मास्तरांनी विचारलं, पेरू म्हणजे काय रे,
मी म्हटलं, नाव.
अख्खा वर्ग हसला. मास्तरही.

होटगी रोडच्या 'घरोबा'त
पेरूवरसुद्धा कागदी टिकली असते,
हिरवी, वाटोळी: घरोबा.
साबणावर घरोबा, शेंगाचटणीवर घरोबा,
पोहे, फिनेल, अंग पुसायचा टॉवेल,
आणि बिलाच्या काउंटरवर गोळ्या-चॉकलेटांशेजारी
पुठ्ठ्याची एक मोटार उभी:
घरोबा वाहन विमा.

"पिशवी देऊ? गाडी आहे का काका?"
पोरीनं एका दमात विचारलं.
होती. लूम सुटली तेव्हाच्या पैशातली,
मी तिचा तिसरा मालक,
दर अमावास्येला लिंबू मागणारी.
मी पाच किलो ज्वारी, पावशेर शेंगदाणे
आणि एक वर्षाची हमी घेऊन बाहेर पडलो.
एकाच बिलात. वर साठ पॉइंट.

अंबक्कानं कागद उलटासुलटा करून पाहिला.
पेरु एवरिदि? नाव कुणाचं?
घरोबाचं, म्हटलं.
ज्वारी विकणारा गाडी कशाला भरून देईल, म्हणाली,
आणि ज्वारी निवडायला बसली.

जानेवारीत कुंभारीजवळ उसाची ट्रॉली मागे सरकली.
ट्रॉलीवाल्याला मागचं दिसत नाही,
मागच्याला ट्रॉलीशिवाय काही दिसत नाही.
बंपर, एक दिवा, बॉनेटचं नाक.
घरोबाच्या नंबरवर एक बाई हिंदीत गोड बोलली,
मग दुसरी, मग नुसतं संगीत.
चौथ्या दिवशी, म्हणजे पाणी यायच्या दिवशी,
पाण्याबरोबर माणूस आला.
गळ्यात भलत्याच कंपनीचं कार्ड.

"घरोबा नुसतं नाव हो, काका. विमा आमचा.
पान अकरा बघा, खाली."
होतं खरं. मुंगीच्या पायाएवढं.
त्याला वाटलं, मी भांडणार.

मी काय भांडणार?
बावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
टॉवेल माझा, कडेचं लेबल दुसऱ्याचं.
सोमवारी कुठल्याशा हॉटेलचं,
गुरुवारी समुद्रापलीकडच्या दुकानाचं,
ज्याचा उच्चार मुकादमालाही येत नव्हता.
लेबलांची रिळं मालक कपाटात ठेवायचा.
माल उघड्यावर, ताडपत्रीखाली.
नावं कुलपात.

काम झालं, त्यानं हात धुतले.
अंबक्कानं टॉवेल दिला,
घरोबाचाच, पॉइंटांवर फुकट आलेला.
तो बोटं पुसत होता, मी काठ बघत होतो.
तीन नंबरच्या लूमची खोड आहे:
काठापासून बोटभर आत एक धागा सैल सुटतो,
काहीही करा, सुटतोच.
सुटला होता.
आता तिच्यावर कोण उभा असतो, देव जाणे.
साहेबांना सांगावंसं वाटलं,
तुमचं निदान पान अकरावर तरी आहे.
पण नळ जायची वेळ झाली होती,
घागरी भरायच्या होत्या.

पैसे आले. प्लास्टिकचे निम्मे कापून.
अंबक्का म्हणाली, आले ना?
आले, म्हटलं.

परवा दिवाळीनंतर पुन्हा काउंटर, पुन्हा तीच पोरगी.
"काका, विमा संपत आलाय तुमचा."
छातीवर बिल्ला: स्वाती.
म्हटलं, स्वाती, हे बघ...
"मी स्वाती नाही. ती सोडून गेली.
माझा बिल्ला छापून यायचाय अजून."
किती दिवस झाले?
"सव्वा वर्ष."

तोंडातून घरचंच निघालं:
मग पेरू काय तुझं?
तिनं माझ्या पिशवीत पाहिलं,
दोन उचलून काट्यावर ठेवले.
"पेरू ऐंशी रुपये किलो, काका."

गेटवर उभं राहून एक खाल्ला.
टिकली नखानं काढली, निघेना नीट,
सालीवर हिरवा अर्धा घ तसाच राहिला.
मीठ नव्हतं.